कॉलेजची फी आधीच भरून ठेवावी का?

(अमेरिकेतल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अमेरिकेत मूल जन्माला आलं की थोड्याच दिवसांत घरात हा विषय निघतो: कॉलेजची फी आत्ताच भरून मोकळं व्हावं, की दरमहा पैसे गुंतवत राहावं? पहिला मार्ग प्रीपेड ट्यूशन प्लॅनचा, दुसरा ५२९ सेव्हिंग्ज प्लॅनचा. दोन्ही इथल्या आयकर कायद्याच्या एकाच ५२९ व्या कलमात बसतात. शिक्षणासाठी पैसे काढले तर त्यातल्या नफ्यावर दोन्हींत फेडरल कर लागत नाही. तेव्हा फेडरल करसवलत पाहून निवड होणार नाही. कोणती जोखीम कोणी घ्यायची, हे पाहून ती करावी लागेल.

प्रीपेड प्लॅन ही गुंतवणूक नाही, तो विमा आहे, आणि तोही एकाच गोष्टीचा: आपल्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांची स्थानिक विद्यार्थ्यांसाठीची फी वाढली तर काय? बाकी कशाचंच संरक्षण त्यात नाही. कॉलेज बोर्ड या शिक्षण-संस्थेच्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याची सरासरी फी वर्षाला ११,६१० डॉलर होती आणि राहण्या-जेवणाचा खर्च १३,३१० डॉलर. म्हणजे फी पूर्ण भरलेली असली तरी निम्म्याहून जास्त खर्च उभाच राहतो. बाहेरच्या राज्यात फी ३०,७८० आणि खासगी कॉलेजात ४३,३५०. तिथे हा विमा फारच तोकडा पडतो.

आता हा विमा कितीला पडतो ते पाहू. बहुतेक प्लॅन आजच्या फीपेक्षा काही टक्के जास्त घेतात. समजा, एका वर्षाची आजची फी १०,००० डॉलर आहे आणि प्लॅन ती १२,००० ला देतो. दहा वर्षं फी दरसाल ३ टक्क्यांनी वाढली तर ती १३,४३९ होईल. तुमच्या १२,००० वर परतावा पडला वर्षाला जेमतेम १.१ टक्का. फी ५ टक्क्यांनी वाढली तर ३.१ टक्के, ७ टक्क्यांनी वाढली तर ५.१ टक्के. तेच १२,००० सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये खर्च वजा जाता ५ टक्क्यांनी वाढले तर १९,५४७ होतात. बरोबरी साधायला फी दरसाल जवळपास ७ टक्क्यांनी वाढायला हवी. मूल लहान असताना घेतलं तर हा वरचा वीस टक्क्यांचा भार सतरा वर्षांवर पसरतो आणि दरसाल एक टक्क्याच्या आसपास बसतो. मूल तेरा वर्षांचं असताना घेतलं तर तोच भार दरसाल पावणेचार टक्के होतो. आपल्या राज्याच्या प्लॅनचा आजचा दर आणि आजची फी या दोन आकड्यांवर हे गणित घरी पंधरा मिनिटांत होतं. ते केल्याशिवाय सही करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

फी किती वाढेल हे बाजार ठरवत नाही, बहुतांशी राज्याचं धोरण ठरवतं. फ्लोरिडाने २०१३ नंतर स्थानिक विद्यार्थ्यांची मूळ फी जवळपास जागेवरच ठेवली. ज्यांनी मोठी वाढ गृहीत धरून चढ्या दराने करार घेतले होते, त्यांचा हिशेब त्यामुळे चुकला. २०२० मध्ये तिथल्या प्लॅनने दर खाली आणले, काही जुन्या खातेदारांना पैसेही परत मिळाले. अलाबामात याच्या उलट घडलं. २००८ च्या मंदीत प्लॅनचा फंड घसरला, फी मात्र चढत राहिली, आणि अखेर तडजोड होऊन फीची भरपाई २०१० च्या दरावर गोठवली गेली. वरचा फरक पालकांच्या माथी आला. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा की फंड कमी पडला तर पैसे कोण देणार. फ्लोरिडा आणि वॉशिंग्टनमध्ये राज्याची कायद्याने हमी आहे. टेक्सासच्या जुन्या योजनेला, जी २००३ मध्ये नव्या खात्यांसाठी बंद झाली, राज्यघटनेचा आधार होता. २००८ मध्ये सुरू झालेल्या नव्या योजनेला राज्याची तशी हमी नाही. नावं सारखी वाटली तरी कागद वेगळे आहेत.

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त फटका बसतो तो नोकरीनिमित्त राज्य बदलताना. ह्यूस्टनला असताना करार घेतला, पुढे न्यू जर्सीला गेलात, मुलीने तिथलं रटगर्स विद्यापीठ निवडलं, तर टेक्सासचा नवा प्लॅन दोन रकमांतली कमी असेल ती देतो: टेक्सासमध्ये जेवढी फी भरली गेली असती ती, किंवा तुम्ही भरलेले पैसे अधिक-उणे फंडाचा निव्वळ परतावा. शिवाय तिथे युनिट, म्हणजे आधी विकत घेतलेला फीचा हिस्सा, वापरण्याआधी तीन वर्षं ठेवावं लागतं, म्हणजे अकरावी-बारावीत घाईने घेऊन उपयोग नाही. आणि करार हातात असला म्हणजे प्रवेशाची खात्री मिळत नाही. स्थानिक फीचा हक्कही आपोआप मिळेलच असं नाही. व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी हे नोंदणीआधी लेखी विचारून घ्यावं.

सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये घसरणीची जोखीम तुमची, पण पैसा देशभरात कुठेही चालतो. फी, राहणं-जेवण, पुस्तकं, संगणक सगळं त्यात येतं. विमानाचं तिकीट आणि आरोग्यविमा येत नाही. कुठल्याही राज्याचा प्लॅन घेता येतो, पण आधी आपल्या राज्याच्या आयकरात वजावट मिळते का ते पाहा: न्यू यॉर्कमध्ये पती-पत्नींना एकत्रित विवरणपत्रावर १०,००० डॉलरपर्यंत मिळते, कॅलिफोर्नियात काहीच नाही. सल्लागारामार्फत घेतलेल्या प्लॅनमध्ये कमिशन जातं, थेट घ्या. मुलाच्या वयानुसार शेअर कमी करत नेणारा पर्याय बहुतेकांना पुरतो.

चुका होतात त्या पैसे काढताना. ज्या कॅलेंडर वर्षात खर्च केला त्याच वर्षात रक्कम काढा. जानेवारीची फी डिसेंबरात भरली आणि पैसे जानेवारीत काढले, तर जुळवाजुळव बिघडते. जास्त काढलेल्या रकमेतल्या नफ्यावर आयकर आणि वर १० टक्के दंड. दुसरं, अमेरिकन ऑपर्च्युनिटी क्रेडिट ही कॉलेजच्या खर्चावरची करसवलत वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत कर वाचवतं, पण त्यासाठी ४,००० डॉलरची फी-पुस्तकं ५२९ बाहेरच्या पैशातून भरलेली दाखवावी लागतात. पती-पत्नींचं एकत्रित उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या वर गेलं की ते कमी होऊ लागतं आणि १,८०,००० ला संपतं. प्रीपेड प्लॅन पूर्ण फी परस्पर भरतो तेव्हा हे क्रेडिट हातचं निसटू शकतं. सेव्हिंग्ज प्लॅनमधून राहण्या-जेवणाचे पैसे काढून ४,००० ची फी खिशातून भरता येते.

पैसे उरले तर? २०२४ पासून ५२९ मधली रक्कम लाभार्थ्याच्या, म्हणजे मुलाच्या, रॉथ आयआरए या निवृत्ती-खात्यात नेता येते: आयुष्यभरात ३५,००० डॉलर, खातं किमान पंधरा वर्षं जुनं हवं, शेवटच्या पाच वर्षांत भरलेले पैसे चालत नाहीत, आणि दरवर्षी आयआरएच्या मर्यादेइतकंच. म्हणून थोड्या रकमेने का होईना, खातं लवकर उघडा.

मूल सज्ञान होईपर्यंत मोठ्यांनी सांभाळायचं, मुलाच्या नावावरचं यूटीएमए खातं मी सुचवत नाही. आर्थिक मदतीच्या हिशेबात ते मुलाची मालमत्ता म्हणून २० टक्क्यांनी मोजलं जातं, तर पालकाचं ५२९ फार तर ५.६४ टक्क्यांनी, आणि सज्ञान झाल्यावर पैसा पूर्णपणे त्याचा.

बरेच जण हे पैसे भारतात एनआरई एफडीत, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या मुदत ठेवीत, ठेवतात. तिथलं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे करपात्र आहे, आणि परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो. भारतीय म्युच्युअल फंड तर त्याहून त्रासाचे: इथे ते पीएफआयसी, म्हणजे वेगळ्या कडक करनियमांतली परदेशी गुंतवणूक कंपनी, ठरतात, दरवर्षी फॉर्म ८६२१ आणि कराचा दर जाचक. कॉलेजसाठी ते वापरू नका.

भारतात परत जायचं मनात असेल तर एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. परदेशी निवृत्ती-खात्यांना भारतात जी सवलत आहे ती ५२९ ला लागू नाही. करासाठी तिथले पूर्ण निवासी झाल्यावर जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर लागतो. अशा कुटुंबाने प्रीपेड करार घेण्याआधी रद्द केल्यास नेमके किती पैसे परत मिळतील हा आकडा प्लॅनकडून लेखी मागावा, आणि तो पटला नाही तर सेव्हिंग्ज प्लॅनच घ्यावा. ज्यांचं घर, नोकरी आणि सरकारी विद्यापीठाचा विचार तिन्ही एकाच राज्यात पक्के आहेत, त्यांनी राज्याची हमी पाहून दोन वर्षांच्या फीपुरता विमा घ्यावा, बाकी सारं सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये.