राहू का तुझ्याकडे?

मंडळी, सॅली रूनी यांची ‘नॉर्मल पीपल’ ही कादंबरी आपण वाचायला घेतली, तेव्हा आपल्यातल्या एक ताई तिच्या नायकावर, कॉनेलवर, वैतागल्या होत्या. ‘एवढंसं विचारता येत नाही त्या पोराला? मूग गिळून काय बसतो!’ आज मी त्या मूग गिळण्याबद्दलच बोलणार आहे.

२०१८ सालची ही आयरिश कादंबरी. कॉनेल आणि मेरिॲन पश्चिम आयर्लंडमधल्या एका छोट्या गावातले, एकाच शाळेतले. कॉनेलची आई लोरेन मेरिॲनच्या घरी साफसफाईला जाते. शाळेत तो सगळ्यांचा लाडका, तिला कुणी जवळ करत नाही. पुढे दोघं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जातात आणि पारडं फिरतं. ती तिथे रमते, हा बिचकतो.

मग तो उन्हाळा येतो. हॉटेलातलं त्याचं काम कमी होतं, खोलीचं भाडं झेपेनासं होतं. मेरिॲन आजीच्या फ्लॅटमध्ये राहते आणि तो बहुतेक रात्री तिथेच असतो. ‘राहू का तुझ्याकडे?’ एवढंच विचारायचं. ते राहतं. सुट्टीत गावी जातोय, असं तो सांगतो. तिला वाटतं, हा आपल्याला सोडून चाललाय. तीही विचारत नाही.

मी नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत राहते. पेठ, सुरगाणा तालुक्यांकडची मुलं तिथे खोली करून राहतात, चौघं एका खोलीत, मेसचा एक डबा दोघांत. पेठकडचा एक मुलगा रोज गंगापूर रोडला मित्राच्या फ्लॅटवर अभ्यासाला जायचा. भाडं थकलं तेव्हा ‘भातलावणी आहे’ असं मित्राला सांगून तो गावी निघाला. जाताना मला म्हणाला, ‘काकू, तो हो म्हणाला असता. पण मग रोज त्याच्या आईच्या हातचं जेवताना...’ पुढे बोलला नाही.

ताई, कॉनेलला नकाराची भीती नाही. होकाराची आहे. आपली आई ज्यांची फरशी पुसते, त्यांच्याच मुलीकडे आसरा मागायचा!

रूनी संवादांना अवतरणचिन्हं देत नाहीत. बोललेलं आणि मनात राहिलेलं एकाच ओळीत वाहतं. तो प्रसंग वाचताना मी पान मागे उलटून पाहिलं, याने विचारलं की काय? नव्हतं विचारलं. तिथे मला ही शैली पटली.

मेरिॲनचा भाऊ ॲलन मात्र मला कागदीच वाटला. तो इतका क्रूर का, याचा माग कादंबरी घेत नाही, आणि तिच्या यातना मात्र भरभरून दाखवते. हे मला खुपलं.

पुढे दोघांनाही कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते. तिच्यासाठी तो मान असतो. त्याच्यासाठी ते फुकट राहणं आणि जेवण. त्यानंतर तो युरोपभर हिंडतो, चित्रं बघतो, आणि त्याला कळतं की पैसा आला तेव्हाच हे सगळं खरं झालं. ही पानं मी दोनदा वाचली.

आमच्या गल्लीतला तो मुलगा पुढच्या वर्षी परत आला, दुसऱ्या खोलीत. मित्राकडे अभ्यासाला पुन्हा जातो. भातलावणी झाली का, असं मित्राने विचारलं होतं. याने ‘हो’ म्हणून सांगितलं.