चिक चॉकलेटचा ट्रम्पेट

भगवानदादांचा १९५१ चा अलबेला, त्यातलं 'दीवाना परवाना' लावा, आणि एकदा पुढचं सगळं सोडून मागच्या बँडकडे बघा. झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेत सगळ्यांनी आणि त्यात ट्रम्पेट घेऊन जो आहे ना, तो चिक चॉकलेट. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे.

गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य, आणि गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त लोक, म्हणजे संगीताचे मास्तर, पोरांना लहानपणीच नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचायला शिकवायचे, त्यामुळे मुंबईत आलेला गोवेकर वादक समोर कागद ठेवला की लगेच वाजवायचा आणि हॉटेलवाल्यांना, नंतर फिल्मवाल्यांनाही तेच पाहिजे होतं. चिक ग्रीन्स हॉटेलात वाजवायचा (आज तिथे ताजचा टॉवर उभा आहे) आणि मग खुद्द ताजमध्ये. दैवत एकच, अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग. तसाच घोगरा आवाज, तसाच हातात रुमाल, लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे.

पण त्या रात्रींचं आपल्या हातात काय उरलंय? फार थोडं. ७८ ची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणारी जुनी रेकॉर्ड, तिच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यात अख्खं गाणं बसवायचं, सोलोला, म्हणजे एकट्या वादकाच्या तुकड्याला, मिळणार काही सेकंद. आणि ती लाखेची, हातातून सुटली की संपलं. जे काही परत ऐकायला मिळालं त्याचं मोठं श्रेय पत्रकार नरेश फर्नांडिस यांना, त्यांनी वादकांच्या घरचे फोटो, आठवणी, जुन्या रेकॉर्ड्स गोळा करत मुंबईच्या जॅझवर अख्खं पुस्तक केलं, २०१२ च्या सुमारास आलं ते.

आता जुनी ७८ डिजिटल करायची तर एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग प्ले रेकॉर्डची, सुई चालत नाही, खाच रुंद असते म्हणून जाड सुई लागते, आधी तबकडी धुवायची, मग स्पीड जुळवायचा, नाहीतर सूरच वर-खाली होतो. आणि खरखर फार साफ करू नका हो! ट्रम्पेटची धार असते ना, ती त्याच वरच्या फ्रिक्वेन्सीत असते, खरखर पुसायला गेलं की ती पण जाते आणि उरतो तो कापसात गुंडाळलेला आवाज. मला खरखर चालेल, पण धार पाहिजे.

खरी गंमत पुढे आहे. चिकचं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं काम त्याच्या स्वतःच्या नावाच्या तबकड्यांवर नाहीच, ते हिंदी सिनेमात आहे. पुणतांब्याचे अण्णा चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, त्यांचा तो असिस्टंट होता, आणि अलबेलातली ती सगळी उसळणारी ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, तो स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, तिथे चिकचा हात आहे. पण तबकडीवर नाव कुणाचं? सिनेमाचं, गायकांचं, संगीतकाराचं. वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती, त्यामुळे आपल्या आजी-आजोबांनी ज्याच्या वाजवण्यावर ताल धरला त्याचं नाव त्यांना कधी कळलंच नाही.

मे १९६७ मध्ये चिक गेला, वय पन्नाशीच्या आसपास. अलबेलाची गाणी आजही नव्याने रिलीज होतात, अपलोड होतात, तिथे गायक-संगीतकाराच्या खाली एक ओळ वाढवायला पैसे पडत नाहीत. ट्रम्पेट, चिक चॉकलेट, एवढंच लिहायचंय.