पोटावरची खूण

[दृश्य : मुंबईतल्या एका रुग्णालयाचा वॉर्ड, संध्याकाळ. खाटेवर एक बाई. चेहरा दिसत नाही. हातात हिरव्या बांगड्या, मनगटाला रुग्णालयाची पट्टी.]

"मावशी, घरी भाजी विळीवर चिरता की सुरीनं?"

उद्या सकाळी मावशींचं मोठं ऑपरेशन आहे. गुदाशयाचा कर्करोग. असल्या वेळी ही सिस्टर विळीचं काय काढून बसलीय, ते त्यांना कळत नाही.

"विळीवरच की."

"मग खाली बसा बरं. विळी पुढ्यात आहे असं समजून."

मावशी जमिनीवर बसतात. एक पाय दुमडलेला, अंग पुढे झुकलेलं. पोटाला दोन वळ्या पडतात. सिस्टर वळ्या कुठे पडल्या ते नीट बघून घेते. मग त्यांना उभं करते, वाकायला सांगते, खुर्चीत बसवते. शेवटी खाटेवर आडवं करून म्हणते, "आता नुसतं डोकं उचला." डोकं उचललं की पोटावरचा उभा स्नायू हाताला लागतो. परकराची नाडी कुठे बांधता, सैल की घट्ट? पूर्वीच्या टाक्यांचा व्रण कुठे आहे? बेंबीपासून किती लांब? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मावशींना मान खाली घातल्यावर ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी दिसते का?

एवढं सगळं झाल्यावर सिस्टर खिशातून मार्कर काढते आणि बेंबीच्या डाव्या अंगाला, जरा खाली, एक फुली मारते. आंघोळीत पुसू नये म्हणून वर पारदर्शक पट्टी चिकटवते.

उद्या सर्जन मावशींच्या आतड्याचं टोक त्या फुलीवर बाहेर काढतील. पुढचं सगळं आयुष्य मावशींची शौचाची वाट तिथून असेल.

[दृश्य : फुलीवर कॅमेरा स्थिर. शीर्षक.]

स्टोमा हा ग्रीक शब्द आहे. अर्थ, तोंड. आजारानं किंवा अपघातानं नेहमीची वाट बंद झाली, की पोटावर नवी वाट काढतात. मोठ्या आतड्याची असली तर कोलोस्टोमी, लहान आतड्याची असली तर इलिओस्टोमी, लघवीची असली तर युरोस्टोमी. दिसायला तो ओठाच्या आतल्या भागासारखा असतो, लाल आणि ओलसर. हात लावला तर दुखत नाही, कारण आतड्याच्या त्या अस्तराला आपल्या कातडीसारखी वेदना कळत नाही. त्याला झडपही नसते, त्यामुळे थांब म्हटलं तर तो थांबत नाही. म्हणून त्यावर पिशवी लावायची. गावाकडे कुणी स्टोमा म्हणत नाही. लोक म्हणतात, "संडासची जागा पोटावर केलीय." किंवा आवाज खाली आणून, "त्यांना पिशवी लावलीय."

आवाज खाली आणलेलं ते वाक्य मी खूप वर्षं ऐकलं. ते माझ्या वडिलांबद्दल होतं.

[दृश्य : रिकामी आरामखुर्ची, ओसरी. सकाळचं ऊन.]

अण्णांचं ऑपरेशन रात्री दोन वाजता झालं. आतड्याला पीळ पडला होता, वेळ हातात नव्हता. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि त्याबद्दल आमच्या घरात आजही कृतज्ञताच आहे. पण त्या रात्री अण्णांना कुणी बसवून, वाकवून पाहिलं नाही. इलिओस्टोमी झाली ती नेमकी धोतराच्या गाठीच्या ओळीत, पोटाच्या घडीत.

आठव्या दिवशी आम्ही घरी आलो. सोबत पिशव्यांचा एक खोका आणि "दर तीन दिवसांनी बदला" एवढी सूचना. पहिली पिशवी चार तासांत गळली. दुसरी रात्री, अंथरुणात.

लहान आतड्यातून येणारं पाण्यासारखं असतं आणि त्यात पाचक रस असतात. हे रस अन्न पचवतात तसेच कातडीही पचवतात. आठवडाभरात अण्णांच्या पोटाची कातडी भाजल्यासारखी सोलवटली. आईनं मायेनं खोबरेल तेल लावलं. तेलावर फ्लँज, म्हणजे पिशवीची कातडीला चिकटणारी चकती, चिकटेना, त्यामुळे गळती वाढली. मग आम्ही वरून चिकटपट्ट्या लावल्या. त्या काढताना आणखी कातडी निघाली. कुणाची चूक म्हणू? आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

अण्णांनी आधी मंदिरात जाणं सोडलं, मग गुरुवारचं भजन. लग्नाच्या पंगतीला जाणं बंद झालं, नंतर घरातही आमच्याबरोबर जेवेनासे झाले. कमी खाल्लं तर पिशवी कमी भरेल, हा त्यांचा हिशेब. पाणी तर त्यांनी जवळजवळ तोडलंच. इलिओस्टोमीच्या माणसानं पाणी तोडणं किती धोक्याचं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मोठं आतडं वाटेत नसल्यामुळे शरीरातलं पाणी आणि मीठ तसंच बाहेर जात असतं. उलट त्यांनी जास्त प्यायला हवं होतं, मीठ-साखरेचं पाणी घ्यायला हवं होतं.

एकदा ते मला म्हणाले, "वाचलो कशाला?"

[शांतता. तीन सेकंद.]

चार महिन्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही त्यांना एका स्टोमा सिस्टरांकडे नेलं. त्यांनी पहिली दहा-बारा मिनिटं कशालाही हात लावला नाही. अण्णांना बसवलं, उभं केलं, बोलतं केलं. मग पिशवी काढली आणि मागची बाजू उजेडात धरून पाहिली. पिशवी कुठून गळते ते तिच्या मागच्या बाजूवर लिहिलेलं असतं, हे मला त्या दिवशी समजलं. ज्या बाजूचं डिंकासारखं अस्तर विरघळलेलं, तिकडून वाट झालेली.

"काका, स्टोमा आहे पंचवीस मिलिमीटरचा. तुम्ही भोक कापताय चाळीसचं. मधली कातडी उघडी राहते, ती जळते." त्यांनी गोल भोकांचं एक मोजपट्टीचं कार्ड दिलं. दोन-तीन मिलिमीटरच मोकळं सोडायचं. कातडी नुसत्या कोमट पाण्यानं धुवायची, टिपून कोरडी करायची. ना तेल, ना साबणाचा फेस. घडीतल्या खळग्यात पेस्ट भरली. सपाट फ्लँजऐवजी आतून फुगीर असलेली दिली, कमरेला पट्टा दिला. पिशवी अर्धी भरायच्या आत रिकामी करायची, नाहीतर वजनानं ओढली जाते.

त्या रात्री अण्णा सलग झोपले. आई दर तासाला उठून बघत होती, काही झालं तर नाही ना.

दोन मिलिमीटर, एक पेस्टची नळी, एक पट्टा. आमचे चार महिने गेले ते एवढ्यासाठी.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. अमेरिकेतलं क्लीव्हलँड शहर.]

या कामाची सुरुवात एका रुग्णानं केली. ती नर्सही नव्हती. नॉर्मा गिल, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावची बाई. मोठ्या आतड्याच्या आजारानं वर्षानुवर्षं पोळलेली. १९५४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी तिची इलिओस्टोमी केली. बरी झाल्यावर ती आपल्या भागातल्या स्टोमाच्या रुग्णांना भेटायला लागली. टर्नबुलना कळून चुकलं होतं, की आपण ऑपरेशन करतो आणि माणूस घरी जाऊन कोलमडतो. १९५८ मध्ये त्यांनी नॉर्माला क्लिनिकमध्ये नोकरीवर घेतलं आणि या कामाला नाव दिलं, एन्टरोस्टोमल थेरपी. १९६१ मध्ये तिथेच पहिली शाळा सुरू झाली. पुढे १९७८ मध्ये हे काम करणाऱ्यांची जागतिक संघटना उभी राहिली, तिची पहिली अध्यक्ष नॉर्माच. यथावकाश हे नर्सिंगचं खास शास्त्र झालं.

तिकडे डेन्मार्कमध्ये त्याच १९५४ साली एलिसे सोरेन्सन नावाची नर्स आपल्या बहिणीकडे बघत होती. थोरा तिचं नाव. स्टोमा झाल्यापासून थोरा घराबाहेर पडेना. एलिसेला सुचलं, चिकटणाऱ्या कडेची आणि वापरून टाकून देता येईल अशी प्लॅस्टिकची पिशवी. एका प्लॅस्टिक कारखानदारानं पहिल्यांदा नकार दिला. त्याची बायको स्वतः नर्स होती, तिनं त्याला तयार केलं. आज जगभर वापरात असलेल्या पिशव्या त्या कल्पनेतून आल्या.

आणि एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. टर्नबुल सोललेल्या कातडीसाठी एका गोंदाची भुकटी वापरत. तो कराया गोंद. ज्या झाडातून तो निघतो त्याला आपण कांडोळ म्हणतो. आपल्याच डोंगरांतलं, उन्हाळ्यात पानं झडली की पांढऱ्या खोडानं चांदण्यात चमकणारं झाड. भारतातल्या आदिवासींनी गोळा केलेला हा गोंद तिकडच्या रुग्णांच्या पोटावर मलम होऊन बसला. मी आता ट्रेकला कांडोळ दिसला की थांबते.

[दृश्य : परळचा रस्ता, पाठीवर पिशव्या घेतलेले रुग्ण-नातेवाईक. मग स्टोमा क्लिनिकची खोली.]

मुंबईत १९७५ साली ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. स्टोमा असलेल्या माणसांनी स्टोमा असलेल्यांना धीर द्यायचा, हे तिचं मूळ काम. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये एन्टरोस्टोमल थेरपीचा अभ्यासक्रम चालतो आणि जागतिक संघटनेची त्याला मान्यता आहे. तिथून शिकून नर्स आपापल्या गावी जातात. तरीही आपल्याकडे बहुतेक तालुक्यांत, अनेक जिल्ह्यांतसुद्धा, पिशवीची शंका विचारायला माणूस नाही. ऑपरेशन होतं, सिस्टर भेटत नाही. यावर मी शांतपणे बोलू शकत नाही. आतडं पोटावर आणायची सोय जिथे आहे, तिथे एक शिकलेली नर्स नेमणं हे त्याच उपचाराचं उरलेलं अर्धं काम आहे.

स्टोमाच्या रुग्णाचं आयुष्य कसं चाललंय हे मोजायला वीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. ती मी वाचली तेव्हा थक्क झाले. त्यात दुखतं का, असं फारसं नाही. पिशवी भरली की तुम्ही अस्वस्थ होता का? रात्री परक्या घरी मुक्काम करायला कचरता का? पिशवीच्या चुरचुर आवाजाची काळजी वाटते का? घरच्यांना तुमच्यासोबत अवघडल्यासारखं होतं का? एकटं वाटतं का? पुष्कळ प्रश्न पोटाचे नाहीतच, भोवतालच्या माणसांचे आहेत.

आमच्याकडे त्यात आणखी काही प्रश्न येतात. क्लिनिकमध्ये बसून मी ते ऐकले. एका आजींनी वर्षभर देवघरात पाऊल टाकलं नव्हतं. पिशवी बांधलेल्या अंगानं सोवळं कसं पाळणार? सिस्टर त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसल्या.

"आजी, ऑपरेशनच्या आधी हे सगळं कुठे असायचं?"

"पोटात."

"तेव्हा देवानं अडवलं होतं?"

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एकादशीचा साबुदाणा चालेल का?" सिस्टर म्हणाल्या, "चालेल. चावून खा. खोबऱ्याचे तुकडे मात्र नकोत, अडकतात."

एका तरुणाचं लग्न ठरत होतं, सांगायचं की नाही, कधी, कुणाला. एका बाईंचा नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला लागला होता. सिस्टरनी दोघांना एकत्र बोलावलं आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते आम्ही चित्रित केलं नाही, विचारलंही नाही. डॉक्टरांच्या गर्दीच्या ओपीडीत असलं बोलायला ना जागा असते, ना वेळ. सिस्टरच्या खोलीत ते निघतं, कारण तिनं आधी पिशवी हातानं स्वच्छ केलेली असते आणि नाक मुरडलेलं नसतं.

पैशाचा प्रश्न मोठा आहे. फ्लँज आणि पिशवीची जोडी शेकड्यांत जाते. मजुरीवर जगणारा माणूस ती धुऊन पुन्हा पुन्हा वापरतो. कोलोस्टोमी असेल तर सिस्टर काहींना पाण्याची पद्धत शिकवतात. रोज किंवा एक दिवसाआड ठरलेल्या वेळी स्टोमातून कोमट पाणी आत सोडायचं, तासाभरात पोट साफ होतं. मग दिवसभर वर छोटं झाकण पुरतं. सगळ्यांना ही पद्धत चालत नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर करूच नये. पण ज्यांना जमते त्यांची पिशवीही सुटते, खर्चही.

[दृश्य : पुन्हा पहिला वॉर्ड. ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस.]

मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्यात. सून पिशवी बदलायला पुढे होते. सिस्टर तिला थांबवतात. "तू बघ फक्त. हे त्यांनी करायचं."

मावशी मान वळवत नाहीत. सिस्टर घाई करत नाहीत. हात पुसतात, कात्री ठेवतात, कापसाचे बोळे मांडतात. पाच मिनिटं जातात. छायाचित्रकारानं कॅमेरा खाली ठेवला होता, म्हणून पुढचं दृश्य आमच्याकडे नाही. मावशींनी मान खाली घातली आणि पाहिलं. फुली मारली होती तिथेच, त्यांना दिसेल अशा जागी.

"एवढंच होय," त्या म्हणाल्या.

[दृश्य : सहा आठवड्यांनंतर. क्लिनिकची खोली.]

सुरुवातीला सुजलेला स्टोमा महिन्या-दीड महिन्यात आक्रसतो. म्हणून पुन्हा मोजायचा. मावशींनी मोजण्याचं कार्ड स्वतःच हातातल्या थैलीतून काढलंय. पस्तीसचं भोक आता सैल होतंय, तिसाचं बसतं. सिस्टर वहीत लिहून घेतात आणि विचारतात, घरी कसं चाललंय?

"बरं चाललंय. एसटीनं आले. बसस्टँडवर रिकामी केली, कुणाला कळलंसुद्धा नाही." मग साडीच्या निऱ्यांवरून हात फिरवत म्हणतात, "परकराची नाडी चार बोटं वर बांधते. आणि भाजी विळीवरच चिरते हां, सिस्टर."

[दृश्य : सिस्टर हसतात. दारात पुढचा रुग्ण उभा आहे, पोटाशी हात धरून. त्या खिशातला मार्कर चाचपतात.]

"या काका, बसा. काय काम करता तुम्ही?"