हुमणीचं वर्ष आणि आपली पीएचडी

मित्रांनो, एमएस्सी संपत आली, आता पीएचडीला कीटकशास्त्रातला कुठला विषय घ्यायचा, असं तुमच्यातले बरेच जण विचारतात. गाईड, फेलोशिप हे सगळं बघावंच लागतं. पण आधी एवढं बघा, की तुमचा कीटक वर्षातून कितीदा भेटणार आहे.

मी हुमणी घेतली. उसाच्या मुळ्या कुरतडणारी ही पांढरी अळी तुमच्यापैकी अनेकांनी नांगरामागं वेचली असेल. आमच्या भागातल्या होलोट्रिकिया सेराटा या जातीची वर्षाला एकच पिढी होते. वळवाच्या पावसानं माती चांगली भिजली, की भुंगेरे, म्हणजे या अळीचेच पूर्ण वाढलेले कीटक, दिवस मावळताना जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर पाला खातात, तिथंच त्यांचं मिलन होतं आणि उजाडायच्या आत ते परत मातीत जातात. माद्या मातीतच अंडी घालतात. त्यानंतर अळी आणि कोष, सगळं जमिनीखाली. कोषातून निघालेला भुंगेराही पुढच्या पावसाची वाट बघत आतच थांबतो.

माझ्या पहिल्या वर्षी तो पाऊस पडला तेव्हा मी गावी लग्नाला गेलो होतो. परतलो तोवर झाडांचा पाला चाळणीसारखा झाला होता. भुंगेरे पहिल्यांदा कुठल्या संध्याकाळी निघाले, किती निघाले, हीच नोंद मला हवी होती. तक्त्यातली ती ओळ भरायला पुढचा जून उजाडावा लागला. पीएचडीची किमान मुदत 3 वर्षं, म्हणजे हातात तीन पावसाळे. त्यातला एक असा गेला, याची हळहळ मला आजही वाटते.

दुसऱ्या वर्षी मी मे अखेरीपासून गाव सोडलं नाही. एका ऊसवाल्या काकांचा फोन आला, "सर, बाभळीवर घोंगावतंय, या लवकर." आम्ही फांद्या हलवायचो, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचो, मोजायचो. काही नमुने वेगळे काढून रात्री पिनेवर लावायचो. तपकिरी भुंगेरे दिसायला सारखेच, त्यामुळं नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय जात सांगता येत नाही. एवढा खटाटोप कशाला? तर अळी मोठी होऊन खोल गेली, की औषध तिच्यापर्यंत पोचणं अवघड होतं. भुंगेरे धरायचे तर याच संध्याकाळी, आणि तेही साऱ्या गावानं मिळून, कारण ते बांध ओळखत नाहीत.

ज्यांना वर्षभर काम हवंय, त्यांनी 2018 मध्ये आपल्या देशात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा विचार करावा. उन्हाळ्यात महिनाभरात तिची पिढी होते आणि कृत्रिम खाद्यावर प्रयोगशाळेतही वाढवता येते. मात्र मोठ्या अळ्या एकमेकींना खातात. प्रत्येकीला वेगळी डबी आणि वेळच्या वेळी ताजं खाद्य द्यावं लागतं, दिवाळीतसुद्धा.

हुमणीच घेणार असाल, तर सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिण्याआधी एक पावसाळा नुसते शेतकऱ्यांबरोबर संध्याकाळी फिरा. कुठली बाभूळ आधी भरते, ते त्यांना ठाऊक असतं.