‘समजलं ना?’ हा प्रश्न पुरत नाही

नमस्कार श्रोतेहो.

रुग्णाला माहिती सांगून झाली की आपण सवयीनं विचारतो, “समजलं ना?” समोरचा मान डोलावतो. ती मान संकोचानं डोलते, भीतीनं डोलते, मागे रांग लागली आहे म्हणूनही डोलते. डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट, सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्याऐवजी म्हणा, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर हे औषध कसं द्याल, तुमच्या शब्दांत सांगा बरं.” यातलं पहिलं वाक्य गाळू नका, नाहीतर रुग्णाला आपली परीक्षा चालली आहे असं वाटतं आणि तो आणखी बुजतो. उत्तर चुकलं, तर तेच वाक्य आवाज चढवून परत म्हणण्यात अर्थ नाही. शब्द बदला, आणि पुन्हा विचारा.

मुलांच्या तापाचं पातळ पॅरासिटामॉल घ्या. एका बाटलीत ५ मिलीत १२० मिलीग्रॅम औषध असतं, दुसरीत ५ मिलीत २५० मिलीग्रॅम. “एक चमचा द्या” एवढंच सांगितलं, तर बाटली बदलताच डोस दुपटीहून जास्त होतो. त्यात घरातले चमचे लहानमोठे. म्हणून मिलीतच सांगा, तोंडातून औषध द्यायची सिरिंज हातात द्या, किती ओढायचं त्या रेषेवर पेनानं खूण करा आणि आईबाबांना तुमच्यासमोर एकदा भरू द्या. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, हे आवर्जून सांगा. दोन्ही एकदम दिली तर डोस नकळत वाढतो, आणि त्याचा मार यकृताला बसतो.

आकड्यांचंही तसंच. “धोका दुप्पट होतो” हे ऐकून माणूस घाबरतो. पण हजारात एकाऐवजी दोघांना त्रास होतो आणि ९९८ जणांना होत नाही, असं सांगितलं की त्याला निर्णय घेता येतो. तुलना करताना खालचा आकडा एकच ठेवा. “२५ मध्ये १” आणि “२०० मध्ये १” हे शेजारी ठेवले, तर २०० मोठा दिसतो म्हणून पुष्कळांना तोच धोका जास्त वाटतो. दोन्ही हजारात सांगा: ४० आणि ५.

गंभीर निदान ऐकल्यावर पुढचं बरंचसं कानावरून जातं. तेव्हा थांबा. एका वेळी दोन-तीनच मुद्दे सांगा, ते कागदावर लिहून द्या, बाकीचं पुढच्या भेटीत.

नातेवाइकांनो, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही म्हणू शकता, “मला जे कळलं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा.” आणि “काही वाटलं तर या” एवढ्यावर उठू नका. काही म्हणजे नेमकं काय, हे विचारून घ्या: किती ताप, किती तास लघवी नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का, आणि रात्री असं झालं तर फोन कुणाला करायचा.