कॉईलच्या पोटातला सेल

मंडळी, मेटल डिटेक्टर म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न जमिनीत पुरलेल्या निधीचा येतो, म्हणून तो आधीच बाजूला ठेवतो. बेळगाव जिल्ह्यातल्या हलशीच्या कदंबकालीन देवळांच्या आसपास यंत्र फिरवणे हा गुन्हा होऊ शकतो, आणि जमिनीत सापडलेल्या निधीबाबत कर्नाटकाचा १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. मी बोलणार आहे ते चिखलात रुतलेली पॉवर टिलरची पाती, डांबराखाली गेलेले व्हॉल्व्हचे झाकण आणि सॉ मिलमध्ये ओंडक्यात दडलेला खिळा शोधणाऱ्या यंत्राविषयी. त्यातही फक्त त्याच्या कॉईलमध्ये, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तबकडीत, बंद करून टाकलेल्या सेलविषयी.

जुन्या यंत्रात कॉईल म्हणजे निव्वळ तांब्याची वेटोळी होती आणि वीज दांड्यावरच्या पेटीतून वायरने येत असे. बिनतारी कॉईल आली तेव्हा संकेत सोडणारे, परत आलेला संकेत मोजणारे आणि तो रेडिओलहरींनी हेडफोनकडे पाठवणारे सगळे सर्किट कॉईलमध्येच गेले, आणि त्याला वीज पुरवायला चपटा लिथियम-पॉलिमर सेलही तिथेच इपॉक्सीत, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या राळेत, गाडला गेला. असा सेल तीनचारशे वेळा चार्ज झाला की त्याची धारणशक्ती ओसरू लागते, आणि यंत्र वापरात नसले तरी वयाने तो थकतोच. यंत्र धडधाकट आणि सेल मेलेला, अशा अवस्थेत नवी कॉईल घेण्यापेक्षा जुनीच उघडावी असे कुणालाही वाटेल.

आमच्या खानापूरच्या बाजूला सेल मरतो तो बहुधा पावसाळ्यात. नट्टी, म्हणजे भाताची लावणी, संपली की यंत्र माळ्यावर जाते ते सुगीलाच खाली येते. तोवर उरलीसुरली वीज सर्किट हळूहळू पिऊन टाकते. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या खाली तो जाऊ देऊ नये. त्याच्याही फार खाली बराच काळ राहिला, तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळतो आणि पुढे चार्ज करताना तेच तांबे आत नको तिथे साठून सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जर असा सेल नाकारतो, तेव्हा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात त्याला बाहेरून थेट वीज देऊन ‘उठवून’ देतात. उठतो खरा, पण तो सेल घरात ठेवून मी झोपणार नाही.

आता उघडण्याविषयी. हॉट एअर गनने इपॉक्सी मऊ होते, पण तीच उष्णता सेलला पेट घ्यायला पुरेशी असते, म्हणून हा मार्ग वर्ज्य. सेलमधली वीज शक्य तितकी उतरवून घ्यावी, उघड्यावर बसावे, शेजारी कोरड्या वाळूची बादली असावी, नाकावर मास्क असावा आणि हाती धरायच्या छोट्या ग्राइंडरने सेलवरची खिडकी मिलीमीटर-मिलीमीटरने कोरावी. मी पहिल्या वेळी घाईने मोठी चकती लावली. इपॉक्सीचा पांढरा भुगा उडता उडता एकदम तांबूस झाला, आणि चकती वेटोळ्यात शिरल्याचे मला त्या रंगावरून कळले. ती कॉईल आजही माझ्या कपाटावर पडून आहे. सेल दिसल्यावर त्याच्या दोन्ही वायरी एकाच पकडीत कापू नयेत. एक कापून तिच्या टोकाला टेप लावावी, मगच दुसरीला हात घालावा.

नवा सेल घेताना व्होल्ट आणि क्षमता सगळेच पाहतात. खरे पाहायचे असते ते माप, कारण हा सेल कॉईलच्या समतोलाचा भाग असतो. कॉईलमध्ये संकेत सोडणारे आणि संकेत घेणारे अशी दोन वेटोळी एकमेकांवर अशा बेताने चढवलेली असतात की, जवळ धातू नसताना घेणाऱ्या वेटोळ्यात जवळपास काहीच उमटू नये. कारखान्यात हा समतोल साधला जातो तेव्हा सेलचे ॲल्युमिनियमचे पाकीट आणि निकेलची पट्टी आतच असतात. सेल बोटभर सरकला, आडव्याचा उभा झाला, किंवा जास्तीच्या वायरीचे वेटोळे आत राहिले, तर यंत्र मोकळ्या हवेतही कुरकुरू लागते. आपली जांभ्याची लाल माती लोहाने भरलेली असल्यामुळे ते आधीच गोंधळलेले असते. त्यात ही भर पडली की कान फाटतात. म्हणून त्याच लांबी-रुंदीचा, त्याच जागी, वायरी एकमेकींना पीळ देऊन. टॉर्चमधला गोल सेल स्वस्त पडतो खरा, पण त्याचे कवच पोलादी असते. तो कॉईलमध्ये बसवणे म्हणजे शोधायची वस्तू यंत्रातच ठेवणे होय.

सेलच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला साधा सोल्डरचा डाग धरत नाही, तेव्हा संरक्षक सर्किट आणि वायरी जोडलेलाच सेल घ्यावा. जुन्याला तापमान मोजणारी तिसरी वायर असेल तर नव्यालाही हवी. नंतर खिडकी नुसत्या टेपने बंद करून दोन-तीन दिवस यंत्र शेतात फिरवावे. लोक इथेच उतावळे होतात आणि इपॉक्सी ओतून मोकळे होतात. इपॉक्सी नकोच, सेल फुगतो, त्याला भोवती थोडी जागा लागते, नाहीतर तो वेटोळ्यांवर दाब आणतो. खिडकीवर पातळ प्लास्टिकचे झाकण आणि कडेने सिलिकॉन पुरते, मात्र व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन घेऊ नये, कारण त्यातले आम्ल तांबे खाते. ज्याला एवढे सोसायचे नसेल त्याने सेल बाहेर दांड्यावर काढावा; पुढच्या काही कॉईलींत कारखान्यांनी हेच केले आहे.

काढलेल्या सेलच्या टोकांना टेप लावून तो वाळूच्या डब्यात ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा, कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. नव्या सेलची तारीख झाकणावर खिळ्याने कोरावी, आणि यंत्र माळ्यावर जाण्याआधी तो निम्मा भरून ठेवावा. पूर्ण भरलेलाही नको, रिकामाही नको. श्रावणात एकदा यंत्र माळ्यावरून खाली काढून व्होल्ट बघितले म्हणजे झाले.