राष्ट्रकुलाचं आता काय काम?

(दृश्य : लंडन, मार्लबरो हाउस. सदस्य देशांचे ध्वज.)

राष्ट्रकुल, म्हणजे बहुतांशी एकेकाळच्या ब्रिटिश वसाहतींची ५६ देशांची संघटना, म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात : क्रीडास्पर्धा आणि ब्रिटिश राजघराणं. गंमत अशी की स्पर्धा राष्ट्रकुलाचं सचिवालय भरवतच नाही. तो एका वेगळ्या महासंघाचा कारभार. आणि राजा? भारत प्रजासत्ताक होऊनही आत राहावा म्हणून २८ एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याने राजनिष्ठेची अट सोडून दिली. राष्ट्रकुलाचं प्रमुखपद वारशाने मिळत नाही; आताचे ब्रिटनचे राजे चार्ल्स यांच्या नावावर सदस्य देशांनी २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं. ५६ पैकी फक्त १५ देशांचे ते राष्ट्रप्रमुख आहेत.

तरीही ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न रास्तच आहे. इथे सामायिक बाजारपेठ नाही, लष्करी करार नाही, सगळ्यांना आपसांत व्हिसामाफीही नाही. निर्णय सहमतीने होतात. दोन-चार देश अडून बसले की ठरावाची धार जाते. २७० कोटी लोकसंख्येचा आकडा भाषणांत हमखास येतो, पण त्यात निम्म्याहून जास्त माणसं एकट्या भारताची. दिल्लीत बसून या संघटनेचं मोल केलं, तर ते कमीच भरणार.

(दृश्य : न्यूयॉर्क, एका इमारतीतली छोटी कार्यालयं.)

सदस्यांपैकी ३३ देश मात्र छोटे आहेत. संयुक्त राष्ट्रांत प्रतिनिधी ठेवायचा तर न्यूयॉर्कमधलं भाडंच त्यांना झेपत नाही. तिथे १९८३ पासून राष्ट्रकुलाचं सामायिक कार्यालय आहे : सवलतीच्या दरात खोली, बैठकीचं दालन वाटून.

दुसरं काम त्याहून रुक्ष. देशाने घेतलेलं कर्ज कोणत्या चलनात, व्याज किती, हप्ता कधी, ही नोंद विस्कटली की तारीख हुकते आणि दंडव्याज चढतं. त्यासाठी सचिवालय १९८०च्या दशकापासून सॉफ्टवेअर पुरवतं. २०१९ मध्ये त्याच्या जागी ‘मेरिडियन’ ही नवी प्रणाली आली. जुनी प्रणाली भारताच्या अर्थ मंत्रालयानेही परकीय कर्जासाठी वापरली. याची बातमी कधी होत नाही.

(दृश्य : परिषदेतली रिकामी खुर्ची.)

राष्ट्रकुलाच्या हाती खरं शस्त्र एकच : निलंबन. लष्कराने सत्ता बळकावली, तर परराष्ट्रमंत्र्यांचा कृतिगट त्या देशाला बैठकांबाहेर ठेवतो. पण ज्याला राहायचंच नाही, त्याच्यापुढे हे शस्त्र निकामी. झिम्बाब्वेचं निलंबन २००२ मध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी तो देश बाहेर पडला.

उलट गांबिया २०१३ मध्ये गेला, २०१८ मध्ये परतला. मालदीव २०१६ मध्ये गेला, २०२० मध्ये परतला. दोन्हीकडे मधल्या काळात सरकार बदललं होतं. आणि २०२२ मध्ये टोगो आणि गॅबन आत आले, कधीही ब्रिटिश वसाहत नसलेले, फ्रेंच भाषक देश. ऑगस्ट २०२३ मध्ये गॅबनमध्ये लष्कराने सत्ता घेतली, सप्टेंबरमध्ये अंशतः निलंबन झालं आणि दोन वर्षांत निवडणूक घेण्याची अट पुढे आली. एप्रिल २०२५ मध्ये तिथे अध्यक्षपदासाठी मतदान झालं.